कुंभ रास ‘स्वतंत्र’ कशी? शनीच्या घरातल्या स्वातंत्र्याचा हिशेब

एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सतरा वर्षांची, जन्म इंदूरचा, चंद्र कुंभेत १२ अंशांवर, शततारका नक्षत्र, दुसरा चरण (नक्षत्राचा पाव भाग). कुंभेबद्दल वाचावं तिथे ‘स्वतंत्र वृत्ती’ लिहिलेलं असतं आणि घरातही रोज त्याचा प्रत्यय येतो. पण कुंभेचा स्वामी शनी, आणि शनी म्हटलं की बंधन, शिस्त, उशीर. मग त्याच्याच राशीला हे विशेषण चिकटलं कसं?

शंका रास्त आहे. ‘कुंभ वायुतत्त्वाची म्हणून स्वतंत्र’ एवढ्यावर ती मिटत नाही, कारण मिथुन आणि तूळही वायुतत्त्वाच्याच, आणि तूळ रास तर चार माणसांना विचारल्याशिवाय पडद्याचं कापडही घेत नाही. वराहमिहिरांच्या बृहज्जातकात कुंभेतल्या चंद्राचं फळ काढून पाहा. उंटासारखी मान, वर आलेल्या शिरा, नशिबाचे चढउतार, फुलं-उटण्यांची आणि मित्रांची आवड, वाटचाल सोसण्याची ताकद, असं बरंच काही सापडतं. ‘स्वतंत्र’ सापडत नाही. हा शब्द दोन वाटांनी आला. एक वाट नवी आणि परकी आहे, दुसरी जुनी आणि आपली. पण दुसरीवरून जो अर्थ येतो तो पहिलीपेक्षा वेगळा आहे. घोटाळा होतो तो इथेच.

नवी वाट हर्षलची, म्हणजे युरेनस ग्रहाची. जुन्या मराठी पुस्तकांत याला प्रजापती म्हणतात. इंदूरच्या हिंदी शाळांतल्या मुलांना तो अरुण म्हणून माहीत असतो. विल्यम हर्शेल यांना तो १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधल्या बाथ गावातून दुर्बिणीत दिसला. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ चा, फ्रेंच राज्यक्रांती १७८९ ची. बरोबर मधल्या काळात सापडलेला, शनीची शीव ओलांडून पलीकडे असलेला ग्रह म्हणून पाश्चात्त्य ज्योतिषांनी त्याला बंड, क्रांती आणि मुक्तीचं कारकत्व दिलं आणि पुढे कुंभेचं स्वामित्व बहाल केलं. आज मासिकांत आणि मोबाइलवर कुंभेचं जे वर्णन दिसतं, चाकोरी मोडणारी, बेधडक, कुणाचं न ऐकणारी, ते मुख्यतः या हर्षलचं आहे. त्यातही ते पाश्चात्त्य पद्धतीच्या सूर्यराशीचं, म्हणजे साधारण २० जानेवारी ते १८ फेब्रुवारी या जन्मतारखांसाठी लिहिलेलं. आपल्या निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून राशी मोजणाऱ्या पद्धतीत सूर्य कुंभेत असतो १३ फेब्रुवारी ते १४ मार्चच्या सुमारास, आणि मराठी घरात ‘तुझी रास कोणती’ असं विचारलं तर उत्तर चंद्राचं मिळतं. २५ जानेवारीला जन्मलेला मुलगा त्या मासिकापुरता कुंभेचा. आपल्या पत्रिकेत त्याचा सूर्य मकरेत आणि चंद्र बारांपैकी कुठेही.

दुसरं असं, की हर्षलला राशिचक्र फिरायला ८४ वर्षं लागतात, म्हणजे एकेका राशीत तो सात वर्षं बसतो. सात वर्षांत जन्मलेल्या सगळ्या मुलांना जे लागू होतं त्यावरून एकट्या मुलीचा स्वभाव सांगता येत नाही. विंशोत्तरी, म्हणजे आयुष्याची वर्षं ग्रहांना वाटून देणाऱ्या दशापद्धतीच्या १२० वर्षांत तर त्याच्या वाट्याला एक दिवसही नाही. पाश्चात्त्य पद्धत ज्यांना पटते त्यांनी ती पूर्ण वापरावी. चंद्र आपला घ्यायचा आणि वर्णन हर्षलचं चिकटवायचं, ही खिचडी मात्र पचत नाही.

आता जुनी वाट. राशी बारा, ग्रह सात. वाटणी कशी झाली ते पाहण्यासारखं आहे. सूर्याला सिंह, चंद्राला कर्क. मग त्यांच्या दोन्ही अंगांना एकेक घर सरकत बुधाला कन्या आणि मिथुन, शुक्राला तूळ आणि वृषभ, मंगळाला वृश्चिक आणि मेष, गुरूला धनू आणि मीन. सर्वांत मंद आणि नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्यांत सर्वांत लांबचा शनी. त्याला उरलेली टोकाची दोन घरं, मकर आणि कुंभ. इंदूरकरांनी राजवाडा डोळ्यांसमोर आणावा. दर्शनी दालनं राजाराणीची, लगतच्या ओळी युवराज, मंत्री, सेनापतींच्या आणि वेशीजवळची शेवटची घरं चाकराची. ही माझी कल्पना नव्हे. ग्रहांच्या दरबारात सूर्य-चंद्र राजे, मंगळ सेनापती, बुध राजकुमार, गुरू-शुक्र मंत्री आणि शनी सेवक, असंच बृहज्जातकात दिलेलं आहे.

सिंहेपासून मोजलं की सातवी येते ती कुंभ. म्हणजे राजाच्या आसनासमोर बरोबर १८० अंशांवर बसलेली रास. मेष-तूळ अक्षावर सूर्य आणि शनी एकमेकांच्या उच्च-नीच (सर्वांत बलवान आणि सर्वांत दुबळं असण्याच्या) राशी अदलून घेतात. सिंह-कुंभ अक्षावर दोघेही आपापल्या घरात बसून एकमेकांकडे रोखून पाहतात. कुंभेच्या स्वातंत्र्याचं बीज इथे आहे. ते सूर्यापासूनचं, म्हणजे अधिकारापासूनचं स्वातंत्र्य आहे. माणसांपासूनचं नाही: कालपुरुषाच्या, म्हणजे मेषेपासून मोजलेल्या मूळ कुंडलीत कुंभ अकरावी, लाभाची, मित्रांची, समुदायाची, म्हणूनच वराहमिहिरांच्या फळात मित्रांची आवड येते. कुंभेची मुलगी मैत्रिणींच्या घोळक्यात रमेल, कुणाच्या घरी मदतीला धावेल, आणि त्याच संध्याकाळी बापाच्या ‘मी सांगतो म्हणून’ या तीन शब्दांवर दार लावून घेईल. घरच्यांना यात विसंगती दिसते. पत्रिकेच्या भाषेत ती नाही.

शनीला दोन घरं का लागली, हेही यात येतं. मकर चर, सम, पृथ्वीतत्त्वाची: हातांनी करायचं काम, दुसऱ्याची चाकरी, वरिष्ठाचा हुकूम. कुंभ स्थिर, विषम, वायुतत्त्वाची: विचार, तोही पक्का. मकर ही शनीची नोकरी, कुंभ हे शनीचं मत. दिवसभर मान खाली घालून काम करणाऱ्याला स्वतःचं मत नसतं असं थोडंच आहे? वायूचा धर्म वाहण्याचा, पण स्थिर राशीत तो कोंडला जातो. म्हणून मिथुनेसारखं इथे मत रोज बदलत नाही. एकदा ठरलं की ठरलं. मूलत्रिकोणही, म्हणजे ग्रह स्वतःच्या घराहूनही बलवान असतो तो भाग, शनीला मकरेत न देता कुंभेत दिला आहे, पहिल्या २० अंशांत, आणि धनिष्ठेचे दोन चरण व शततारका पूर्ण मिळून नेमके हेच २० अंश होतात. पुढचे १० अंश पूर्वाभाद्रपदेचे, तिथे नक्षत्रस्वामी गुरू, आणि ठामपणाला थोडी उपदेशाची झालर लागते.

थोडक्यात इतर राशी. मेषेचं स्वातंत्र्य कृतीचं: विचारायला थांबत नाही, करून मोकळी होते, नंतर निस्तरते. धनूचं जाण्याचं, तिला दूरदेश हवा, पण सोबत गुरू किंवा ध्येय लागतं. सिंहेला लोक स्वतंत्र म्हणतात ते मात्र चूक वाटतं. सिंहेला हुकमत हवी, आणि हुकमतीला ऐकणारी माणसं लागतात. कुंभेला ऐकणारं कुणी नसलं तरी चालतं.

तुमच्या मुलीच्या नक्षत्राचा मुद्दा वेगळा काढला पाहिजे, कारण शततारकेची देवता वरुण. वैदिक वाङ्मयात वरुण हा ऋताचा, म्हणजे विश्वाच्या नियमाचा रक्षक, आणि त्याच्या हाती पाश! स्वतंत्र म्हणवणाऱ्या राशीच्या मधोमध बांधणारा देव बसवला आहे. व्यवहारात याचा अर्थ असा लागतो की शततारकेची माणसं नियम मोडत नाहीत, स्वतःचे नियम करतात आणि ते इतरांच्या नियमांपेक्षा कडक असतात. रात्री दहानंतर फोन नको असं तुम्ही सांगितलं तर वाद. तिने स्वतः ठरवलं तर नवाला बंद. नक्षत्रस्वामी राहू असल्याने पद्धत मात्र घरच्या रीतीपेक्षा निराळी निघते. अवकहडा चक्रात, म्हणजे चरणावरून नावाचं अक्षर देणाऱ्या तक्त्यात, शततारकेचे चरण गो, सा, सी, सू. दुसऱ्या चरणाचं अक्षर सा, तेव्हा नावरस नाव त्यावरून असेल. नवमांशात (राशीचे नऊ भाग पाडून मांडलेल्या कुंडलीत) हा चरण मकरेत जातो. राशीत शनी, नवमांशातही शनी. मनाला कर्तव्याची दुहेरी घडी आहे, ‘बेधडक बंडखोर’ हे वर्णन तिला बसणार नाही.

धनिष्ठा आणि शततारका दोन्ही राक्षसगणी. स्थळं पाहताना या शब्दाने घाबरणारी माणसं इंदुरात काय, सगळीकडेच आहेत. गण हा स्वभावाच्या धाटणीचा गट आहे. राक्षसगण म्हणजे तीव्र, स्वतःच्या बळावर चालणारा, एवढंच. गुणमेलनात त्याचे जास्तीत जास्त ६ गुण, ३६ पैकी.

आता पत्रिका तपासण्याकडे वळू, कारण वरचं सगळं मूळ अंश बरोबर असतील तरच खरं. पहिला प्रश्न पंचांगाचा. दाते पंचांग किंवा बहुतेक संगणकीय पत्रिका चित्रापक्षाचा (चित्रा तारा आधार धरणारा) अयनांश, म्हणजे पाश्चात्त्य सायन आणि आपल्या निरयन राशिचक्रांतलं अंतर, घेतात; आज तो २४ अंशांच्या थोडा वर आहे. घरात टिळक पंचांग चालत असेल तर तिथला रैवतपक्षाचा (रेवती तारा आधार धरणारा) अयनांश सुमारे ४ अंशांनी कमी, म्हणजे ग्रह ४ अंश पुढे दिसतात. मुलीचा चंद्र तिथे १६ अंशांवर जाईल. रास तीच, नक्षत्र तेच, पण चरण तिसरा, आणि तिसरा चरण नवमांशात कुंभेतच पडतो. राशीत आणि नवमांशात एकच रास, म्हणजे चंद्र वर्गोत्तम झाला! जन्मदशेत, म्हणजे जन्मवेळी चालू असलेल्या नक्षत्रस्वामीच्या दशेत, याहून मोठा फरक पडतो. १२ अंशांवर शततारकेचा ०.६ भाग उरतो, राहूच्या १८ वर्षांपैकी १० वर्षं साडेनऊ महिने भोग्य, म्हणजे जन्मानंतर भोगायचे. १६ अंशांवर ०.३ भाग उरतो, भोग्य दशा ५ वर्षं ५ महिने. दोन पंचांगांत गुरूची महादशा सुरू होण्यात सव्वापाच वर्षांहून अधिक अंतर पडलं. कोणतंही एक घ्या. आजीने एकावरून आणि जावयाने दुसऱ्यावरून बोलायचं, हे टाळा. ज्यांचा चंद्र कुंभेत २६ अंशांच्या पुढे आहे त्यांची तर रासच टिळक पंचांगात मीन होते.

दुसरा प्रश्न वेळेचा. इंदूरचं रेखांश ७५ अंश ५१ कला, प्रमाणवेळ ८२ अंश ३० कलांची. फरक ६ अंश ३९ कला, अंशाला ४ मिनिटं धरून २६ मिनिटं ३६ सेकंद. इंदूरची स्थानिक वेळ घड्याळापेक्षा एवढी मागे. गंमत म्हणजे जुन्या सिद्धांतग्रंथांतली शून्य रेषा उज्जैनवरून जाते आणि इंदूर तिच्यापासून जेमतेम पाव मिनिट पूर्वेला, त्यामुळे जुन्या गणितात इथल्या जन्माला देशांतर संस्कार जवळजवळ लागतच नसे. हल्ली चूक अशी होते: टिपणात कुणी आधीच २६ मिनिटं वजा करून स्थानिक वेळ लिहिलेली असते, ती तशीच संगणकात भरली जाते आणि संगणक पुन्हा तेवढीच मिनिटं वजा करतो. चंद्राला याने फारसं होत नाही, तो पाव अंश सरकतो. लग्नाचा, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीचा, मात्र घात होतो. ‘लग्न दोन तासांचं असतं’ हे सरासरीचं वाक्य आहे. इंदूरच्या अक्षांशावर कुंभ लग्न दीड तासाच्या थोडं वर टिकतं आणि सिंह लग्न सव्वादोन तासांच्या जवळ. कुंभ लग्नात २६ मिनिटं म्हणजे ८ अंशांहून जास्त. लग्न पहिल्या ८ अंशांत असेल तर ते मागे जाऊन मकर होतं आणि सगळी स्थानं एकेक घर सरकतात. दवाखान्याच्या कागदावरची वेळ प्रमाणवेळ असते, तीच भरा.

आजी-आजोबांची टिपणं जुळवायची असतील तर आणखी एक खाच आहे, आणि ती माळव्यातल्या मराठी घरांनाच जास्त नडते. आपले महिने अमान्त (अमावस्येला संपणारे), इथल्या हिंदी पंचांगांचे पौर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारे). महाशिवरात्र आपल्याकडे माघ वद्य चतुर्दशी, तीच उज्जैनला फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. इथल्या गुरुजींनी ‘फाल्गुन कृष्ण अमावस्या’ असं लिहिलेला जन्म मराठी समजुतीने वाचला तर तारीख एक चांद्रमास पुढे जाते. तिथी तीच राहिल्यामुळे शंका येत नाही, पण महिन्याभरात सूर्य सुमारे २९ अंश पुढे गेलेला असतो आणि तिथी तीच म्हणजे चंद्रही तेवढाच पुढे. कुंभेचा माणूस बसल्या जागी मीनेचा होतो. कृष्णपक्षातलं टिपण हाती आलं की ते शकातलं की विक्रम संवतातलं, हे आधी पाहावं. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात घड्याळं तासभर पुढे होती. त्या वर्षांतल्या जन्मांना तो तास वजा करावा लागतो.

अंश पक्के झाले की मग स्वातंत्र्याचा विचार. एकट्या चंद्रराशीवर तो करू नये. चंद्र मन दाखवतो, म्हणजे स्वातंत्र्याची ओढ. ती निभावण्याचं बळ तिसऱ्या स्थानात, त्याच्या स्वामीत आणि मंगळात पाहायचं. लग्नेश (लग्नराशीचा स्वामी) आणि सूर्य कणा दाखवतात. राशिस्वामी शनी कुठे आहे, हे यानंतरचं. तो मेषेत नीचीचा असेल तर मतं ठाम आणि अंगमेहनत कमी असा मेळ दिसतो: घर सोडण्याची भाषा मोठी, खोलीचं भाडं वडिलांकडून. शनीची दृष्टी तिसरी, सातवी, दहावी. म्हणून धनू, सिंह किंवा वृषभेतला शनी कुंभेतल्या चंद्रावर थेट पाहतो आणि ओढ लवकर प्रौढ होते, कधी वयाच्या आधीच. जुलै २००७ ते सप्टेंबर २००९ मध्ये शनी सिंहेत होता; मुलीचा जन्म त्यातला असेल तर तिला ही समोरासमोरची दृष्टी आहे.

शिवाय जे स्वभाव म्हणून दिसतं त्यात काळाचाही वाटा असतो. कुंभेची साडेसाती जानेवारी २०२० मध्ये शनी मकरेत आल्यावर सुरू झाली, २९ मार्च २०२५ ला तो मीनेत गेला आणि शेवटची अडीचकी लागली. म्हणजे तुमच्या मुलीचं कळतं वय जवळजवळ सगळं साडेसातीत गेलं. या काळात मुलं गप्प होतात, मोजक्याच माणसांशी बोलतात. त्यालाही घरात ‘फार स्वतंत्र झाली आहे’ म्हणतात.

हे सगळं परंपरेचं वाचन आहे, मोजून सिद्ध झालेलं शास्त्र नव्हे. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार व मतिमंद मुलांच्या पत्रिका २७ ज्योतिषांपुढे ठेवल्या होत्या. बरोबर उत्तरं निम्म्याहून थोडी कमीच आली. तेव्हा शाखा, कॉलेज किंवा लग्न यांचे निर्णय ‘कुंभ आहे, ऐकणारच नाही’ या वाक्यावर सोडू नका. वागणुकीपुरता उपयोग होतो: कारण सांगा, चारचौघांत बोलू नका, एकदा विचारून दोन दिवस थांबा. स्थिर राशीला मत बनवायला वेळ लागतो, बनलेलं मोडायला त्याहून जास्त.

लग्नरास तुम्ही कळवलेली नाही. ती कुंभच निघाली तर चित्र आणखी गडद होतं. शनी लग्नेश आणि व्ययेशही (बाराव्या, व्ययाच्या स्थानाचा स्वामी), म्हणजे स्वतःला सावरायला एकांत लागणारच. तिसरं आणि दहावं मंगळाचं, म्हणून धडाडी कामात दिसेल, बोलण्यात नाही. सातवं स्थान सिंह, स्वामी सूर्य: जोडीदार रुबाबाचा किंवा मानी घरातला येण्याचा कल, आणि राजा-सेवकाचा तोच जुना सामना घरात. स्थळं पाहायची वेळ येईल तेव्हा गुणांच्या बेरजेआधी मुलाच्या पत्रिकेतला सूर्य पाहा.

नीलमचं कुणी सुचवलं असेल तर थांबा. रत्न विकणारे सहसा रास विचारतात, आणि शनीची रास म्हणून नीलम काढून ठेवतात. रत्न लग्नावरून आणि चालू दशेवरून ठरतं. चित्रापक्षाने तिला पावणेअकराव्या वर्षापासून गुरूची १६ वर्षांची महादशा चालू आहे. तेव्हा लग्न कळल्यावर आधी गुरू तपासावा लागेल, शनी नंतर.